बुद्धिबळाच्या पटावरील गणित

बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाचे गणित आपोआप सुधारते, असा दावा शिकवणीवर्गांच्या जाहिरातींतून इतक्या ठामपणे केला जातो की त्याची शहानिशा करण्याची गरजही पालकांना भासत नाही. उलटपक्षी, या खेळाचा गणिताशी अर्थाअर्थी संबंधच नाही, असा निकाल देऊन मोकळे होणारे विद्वानही आहेत. आमच्या मते पहिल्या पक्षाच्या पदरी अतिशयोक्तीचा दोष आहे, तर दुसऱ्याच्या पदरी उतावळेपणाचा.

दुसऱ्या पक्षाचा दाखला वजनदार आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. इंग्लंडातील १०० प्राथमिक शाळा निवडून, त्यांपैकी सुमारे निम्म्या शाळांतील नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ३० तास बुद्धिबळ शिकवण्यात आले. परंतु वर्षभरानंतरच्या गणिताच्या परीक्षेत ती मुले इतरांहून सरस ठरल्याचे आढळले नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. यामुळे जाहिरातदारांचे पितळ उघडे पडते, यात शंका नाही. परंतु सोंगट्यांच्या चाली शिकवल्याने परीक्षेचे गुण वाढत नाहीत, एवढ्यावरून पटावर गणित शिकवताच येत नाही, असे अनुमान काढणे तर्कास धरून नाही.

ते कसे शिकवता येते, याचा नमुना पाहावा. एका कोपऱ्यातील घोड्याने प्रत्येक घरी एकदाच पाऊल ठेवून तिरप्या समोरच्या कोपऱ्यात प्रवास संपवावा, असे मुलाला सांगितले तर तो बराच वेळ खटपट करील आणि थकेल. मग शिक्षकाने विचारावे, घोडा प्रत्येक चालीला घराचा रंग बदलतो ना? चौसष्ट घरांसाठी चाली त्रेसष्ट, म्हणजे विषम. तेव्हा शेवटचे घर पहिल्याच्या विरुद्ध रंगाचे असले पाहिजे, आणि हे दोन कोपरे तर एकाच रंगाचे! आपल्याला जमले नाही आणि ते जमणे शक्यच नाही, या दोहोंतील भेद ज्या मुलाला उमगला, त्याला सिद्धता म्हणजे काय ते उमगले.

हे फळ्यावरही सांगता येईल, अशी हरकत कोणी घेईल. घ्यावी, परंतु ‘दोन चालींत मात’ करण्याचा दावा मांडणाऱ्या मुलाला प्रतिपक्षाच्या एकूण एक उत्तरांचा बंदोबस्त करावा लागतो, आणि एक जरी उत्तर नजरेतून सुटले तरी समोरचा गडी त्याचा दावा तेथल्या तेथे खोटा पाडतो. ‘कोणत्याही’ आणि ‘एखाद्या’ या शब्दांतील फरक इतक्या तातडीने पटवून देणारा फळा आमच्या पाहण्यात नाही.

म्हणून शाळांनी बुद्धिबळ जरूर शिकवावे. मात्र गुणवाढीची हमी देऊ नये, आणि डाव संपताच पट न आवरता, एखादी चाल का चुकली याची कारणे मुलाच्याच तोंडून वदवून घ्यावीत.