प्रवेश दिला, पुढे काय?

जून-जुलै महिन्यांत महाविद्यालयांच्या प्रवेशाची धांदल सुरू झाली म्हणजे शहरातील साऱ्या संभाषणांना टक्केवारीचे वळण लागते. कोणाला किती गुण मिळाले, कोणत्या महाविद्यालयाची यादी कितीवर थांबली, कोणाची जागा अर्ध्या टक्क्याने हुकली, ह्याची चर्चा घरोघरी चालते आणि वृत्तपत्रेही तिला मुबलक जागा देतात. ही चर्चा अनाठायी आहे असे आम्ही म्हणत नाही. मुलामुलींचे भवितव्य हा आईबापांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे व तसा तो असावाही. परंतु ह्याच दिवसांत आणखी एका प्रकारचे विद्यार्थी विद्यापीठांकडे अर्ज करीत असतात. बारावीनंतर भरती झालेला चाळिशीचा पोलीस शिपाई त्यांत असतो. लग्नापायी दुसऱ्या वर्षातून बाहेर पडलेली आणि आता मुले हाताशी आल्यावर पदवी पुरी करू पाहणारी गृहिणी असते. बढतीच्या वाटेवर पदवीची अट आडवी आल्यामुळे अडून राहिलेला कारकून असतो. पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकवून स्वतः मात्र बारावीपाशी थांबलेली अंगणवाडी सेविका असते. ह्या विद्यार्थ्यांविषयी आज आम्ही पहिल्या पानावर लिहीत आहोत, कारण त्यांची संख्या थोडी नाही आणि त्यांची आबाळही थोडी नाही.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक पाहणीप्रमाणे २०२०-२१ साली देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ कोटी १४ लाख होती. त्यांपैकी ४५ लाखांहून अधिक विद्यार्थी दूरशिक्षणाच्या मार्गाने शिकत होते. म्हणजे दर नऊ विद्यार्थ्यांमागे एक. हे सगळेच प्रौढ नव्हेत, हे खरे. पण नोकरी किंवा संसार सांभाळून शिकू इच्छिणाऱ्याला बहुधा हाच एक मार्ग मोकळा असतो. असे असूनही आपल्या शिक्षणविषयक हिशेबात त्याला स्वतंत्र स्थान नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत नेण्याचा संकल्प सोडला आहे. हे प्रमाण काढताना १८ ते २३ ह्या वयोगटाची लोकसंख्या पायाभूत धरली जाते. मोजपट्टीच जर तेविसाव्या वर्षी संपत असेल, तर अडतिसाव्या वर्षी पुन्हा वही उघडणाऱ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न कोणाला पडणार?

प्रवेशाचे दार उघडण्याचे काम ह्या देशात बऱ्याच अंशी झाले आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन निघालेल्या ह्या विद्यापीठाने वयाची अट बाजूस सारली, मराठीतून पुस्तके तयार करविली आणि शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत अभ्यासकेंद्रे उघडली. ह्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण दार उघडणे आणि आत आलेल्याला शेवटपर्यंत साथ देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले झाले म्हणजे दुसरे आपोआप होते, अशी समजूत आपण करून घेतली आहे. आणि तीच ह्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

प्रौढ विद्यार्थी मध्येच शिक्षण सोडतो तेव्हा त्याची कारणे त्याच्या ठायी शोधण्याची आपल्याला सवय आहे. चिकाटी नव्हती, बुद्धी गंजली होती, घरच्या अडचणी होत्या, असे म्हणून आपण मोकळे होतो. अध्यापनाचा काही अनुभव आम्हांलाही आहे; त्या बळावर आम्ही इतके निश्चितपणे म्हणू की, शिकण्याची ओढ हा प्रौढ विद्यार्थ्याचा दुबळा भाग नव्हेच. त्याला कोणी बळेच शाळेत धाडलेले नसते. तो स्वतःच्या मिळकतीतून शुल्क भरतो आणि स्वतःच्या झोपेतून वेळ काढतो. त्याची खरी अडचण वेगळी असते. वीस वर्षांत लिहिण्याचा हात गेलेला असतो. दीर्घ उत्तराची मांडणी कशी करावी, हे विचारण्याचा संकोच वाटतो. चूक झाली तर वयाने धाकटे असलेले हसतील, ही भीती असते. आणि सर्वांत मोठी अडचण वेळेची: परीक्षेची तारीख ऐनवेळी पुढे ढकलली गेली, तर वसतिगृहातील विद्यार्थी फार तर कुरकुर करील, पण मोठ्या मिनतवारीने आठ दिवसांची रजा मिळवलेल्या नोकरदाराचे त्यामुळे अख्खे वर्ष बुडते.

ह्या बाबतीत आपल्याच इतिहासाकडे पाहिले तर बरेच शिकण्यासारखे आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली शेतकरी आणि मजूर ह्यांच्यासाठी शाळा काढली ती रात्रीची. कारण दिवस कष्टांत जाणाऱ्या माणसाजवळ रात्रच काय ती उरते, हे त्यांनी ओळखले होते. रमाबाई रानड्यांच्या प्रेरणेने १९०९ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने संसारी आणि विधवा स्त्रियांसाठी वर्ग चालविले, आणि ज्यांचे शिकण्याचे वय सरले असे समाज समजत होता अशा बायकांतून शिक्षिका आणि परिचारिका तयार केल्या. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले तेव्हा शिक्षणाचे माध्यम मातृभाषा हे ठेवले. चालू विद्यापीठांचा साचा त्यांनी जसाच्या तसा उचलला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय पाहून वर्ग सकाळी भरविण्यात आले. ह्या चौघांच्या कार्यात काळाचे आणि विचारांचे अंतर पुष्कळ आहे. पण एक गोष्ट समान आहे. वंचिताला शिकवावयाचे तर त्याच्या आयुष्याच्या बेताने संस्थेने आपले वेळापत्रक, भाषा आणि रीत बदलली पाहिजे, हे त्यांनी जाणले. आज आपण नेमके उलटे करतो. प्रौढाला प्रवेश देतो आणि त्याने वसतिगृहातल्या विद्यार्थ्याप्रमाणे वागावे, अशी अपेक्षा ठेवतो.

परदेशातील एक उदाहरण येथे मुद्दाम द्यावेसे वाटते. इंग्लंडातील मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन ह्यांनी १९६३ साली नभोवाणी व दूरचित्रवाणी ह्यांच्या द्वारे चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. तीतून १९६९ साली तेथील मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७१ च्या जानेवारीत त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. पूर्वीची कोणतीही परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट त्यांना नव्हती. दूरचित्रवाणीवरील व्याख्यानांमुळे ह्या विद्यापीठाचा बोलबाला झाला खरा. पण त्याच्या यशाचे बरेचसे श्रेय एका साध्या व्यवस्थेला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक शिक्षक नेमून दिलेला असे. विद्यार्थ्याने लिहून पाठविलेला गृहपाठ तो वाची आणि त्यावर लेखी अभिप्राय देऊन परत करी. कोपऱ्यातल्या गावी, एकट्याने शिकणाऱ्या माणसाला आपले लिहिणे कोणीतरी खरोखर वाचीत आहे, ह्याची खात्री त्या शेऱ्यांनी दिली. आज भ्रमणध्वनीवर हवी तितकी व्याख्याने फुकट ऐकता येतात. त्यामुळे शिक्षणाचा प्रश्न सुटला असे ज्यांना वाटते, त्यांनी ह्या अनुभवाचा अवश्य विचार करावा. व्याख्यानांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो वाचून परत करणाऱ्याचा.

आपल्या मुक्त विद्यापीठांच्या रचनेतही गृहपाठ आहेत, अभ्यासकेंद्रे आहेत आणि संमंत्रकही आहेत. पण जेथे गृहपाठ केवळ जमा करून घेतला जातो आणि त्यावर एक शब्दही लिहून मिळत नाही, तेथे विद्यार्थी तो दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून देणार, ह्यात नवल कसले? मग दूरशिक्षणाचा दर्जा खालावला म्हणून आपणच हळहळतो. दूरशिक्षणाची मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. पण परिपत्रकाने समकक्षता येते, प्रतिष्ठा येत नाही. ती यावयाची असेल तर विद्यार्थ्याच्या कामाकडे कोणी तरी लक्ष दिले पाहिजे.

नव्या धोरणातील एका तरतुदीचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. शिक्षण मध्येच थांबवून पुढे पुन्हा सुरू करता यावे, म्हणून २०२१ साली ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही श्रेयांकांची पेढी सुरू करण्यात आली. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक तेथे जमा राहतात आणि पुढे पदवीसाठी उपयोगी पडतात. कल्पना उत्तम आहे. परंतु ह्या श्रेयांकांचे आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षांचे ठरविले आहे. तीस वर्षांची स्त्री बाळंतपणासाठी शिक्षण थांबविते आणि मूल जरा मोठे झाले म्हणजे चाळिशीत परत येते, तेव्हा तिच्या खात्यात काय शिल्लक असेल? शिवाय जुन्या वार्षिक पद्धतीत पहिली दोन वर्षे उत्तीर्ण होऊन थांबलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांचे त्या पेढीत खातेच नाही. विज्ञानाच्या किंवा तंत्रविद्येच्या विषयांत ज्ञान जुने होते, हे कबूल. पण पंचवीस वर्षांपूर्वी मराठी वाङ्मय आणि इतिहास मन लावून अभ्यासलेल्या बाईला, तुमचे शिकणे शिळे झाले, असे सांगणे हा न्याय नव्हे.

पैशाच्या बाजूनेही हीच स्थिती आहे. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा राज्य सरकारचा २०२४ सालचा निर्णय स्तुत्यच आहे. पण त्याच घरातील आई जर मुक्त विद्यापीठातून कला शाखेची अपुरी पदवी पुरी करू लागली, तर तिला ह्या योजनेचा काही आधार नाही. शिष्यवृत्त्या आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विद्यार्थी म्हणून जे चित्र असते, त्यात आई बसत नाही.

ह्यावर असा आक्षेप येईल की, ज्या राज्यात तरुणांनाच पुरेशी महाविद्यालये आणि पुरेसे प्राध्यापक नाहीत, तेथे प्रौढांवर खर्च करणे हा चैनीचा विचार आहे. हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. पण त्यात दोन गोष्टी नजरेआड होतात. एक तर प्रौढांसाठी जे करावयाचे त्याला नव्या इमारती लागत नाहीत. शहरातील कित्येक महाविद्यालयांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या पडतात आणि ग्रंथालयांना कुलपे लागतात. दुसरे असे की, शिकणाऱ्या आईच्या घरात मुलांचे शिक्षण सहसा थांबत नाही. तेव्हा आईच्या शिक्षणावर होणारा खर्च मुलांच्या वाट्याचा काढून घेतलेला नसतो; तो त्यांच्याही पदरात पडतो. पदवीच्या कागदासाठीच ही धडपड आहे, असेही काही जण कुत्सितपणे म्हणतात. ज्यांच्या भिंतीवर तो कागद विसाव्या वर्षीच लागला, त्यांनी तरी असे बोलू नये.

आमच्या अपेक्षा अवाजवी नाहीत. प्रौढ विद्यार्थ्यांच्या परीक्षांच्या तारखा विद्यापीठांनी प्रवेशाच्या वेळीच जाहीर कराव्या आणि त्या पाळाव्या. शक्य तेथे परीक्षा रविवारी व सुटीच्या दिवशी घ्याव्या. प्रत्येक संमंत्रकाकडे मोजकेच विद्यार्थी असावे, गृहपाठ ठरलेल्या मुदतीत लेखी शेऱ्यांसह परत मिळावा आणि ह्या कामाचा योग्य मोबदला संमंत्रकाला मिळावा. अभ्यासकेंद्रे व ग्रंथालये आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी आणि रविवारी उघडी असावी. दीर्घ काळाने परतणाऱ्यांसाठी लेखन, इंग्रजी आणि संगणक ह्यांचा एक लहानसा उजळणीवर्ग प्रारंभी असावा. श्रेयांकांची सात वर्षांची मर्यादा आयोगाने निदान कला व वाणिज्य शाखांपुरती सैल करावी आणि जुन्या गुणपत्रिकांना वाजवी मान्यता द्यावी. सरकारने शिष्यवृत्त्यांत प्रौढांसाठी वाटा ठेवावा व शुल्क हप्त्यांनी भरण्याची सोय करावी. सरकारी नोकरांच्या रजा-नियमांत अध्ययन-रजेची तरतूद आहे. तिचा लाभ वरच्या श्रेणीपुरता न राहता शिपायाला आणि कारकुनाला निदान परीक्षेपुरती हक्काची रजा मिळावी. खाजगी मालकांनीही हा पायंडा उचलावा. पदवी नाही म्हणून बढती नाकारावयाची आणि पदवीची परीक्षा आली म्हणजे रजा नाकारावयाची, हा दुटप्पीपणा आता थांबला पाहिजे.

शेवटचे मागणे आमच्या वाचकांकडे आहे. सरकारच्या आणि विद्यापीठांच्या हातात पुष्कळ असले तरी संध्याकाळचे दोन तास त्यांच्या हातात नाहीत; ते घराच्या हातात आहेत. दहावीला बसणाऱ्या मुलासाठी मध्यमवर्गीय घर आपला सारा दिनक्रम बदलते. दूरदर्शनचा आवाज बंद होतो, पाहुण्यांना सबबी सांगितल्या जातात, दुधाचा पेला अभ्यासाच्या मेजावर जातो. त्याच घरातील सून किंवा आई पुस्तक उघडून बसली, तर ‘आता ह्या वयात कशाला?’ असा प्रश्न येतो. ज्या घरांतून यंदा असा एखादा अर्ज गेला असेल, त्या घरांनी हा प्रश्न विचारू नये. त्याऐवजी संध्याकाळचा स्वयंपाक कोणी करावयाचा ह्याची वाटणी आजच करावी, आणि परीक्षा संपेपर्यंत ती मोडू देऊ नये.