परराष्ट्र धोरण आणि कणगीतला दाणा

कोणत्या देशाशी मैत्री करावी व कोणाशी फटकून वागावे, हा दिल्लीतील मोठ्या लोकांचा विषय आहे. नांगर धरणाऱ्याचा किंवा माग चालविणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे आमच्या पुष्कळ वाचकांस वाटते. शिवाय सरकार काल ज्याला मित्र म्हणत होते त्याच्याशी आज भांडते, हे पाहून ही सारी बोलाचीच कढी आहे, असे म्हणून लोक वर्तमानपत्राचे ते पान उलटतात. पण ते पान उलटण्यात आपलेच नुकसान आहे. धोरण का बदलते हे ज्याला कळत नाही, त्याच्या पदरात त्या बदलाचे बिल मात्र बिनचूक पडते.

राष्ट्र म्हणजे एक मोठा प्रपंचच होय. ज्याच्या कणगीत पुढच्या सुगीपर्यंत दाणा आहे तो सावकाराच्या ओसरीवर ताठ बसतो. ज्याची कणगी माघातच रिकामी झाली तो पायरीशी उभा राहतो. माणूस तोच, पण बोलणे बदलते. देशांचेही असेच आहे. त्याचा दाखला आपल्याच देशाच्या इतिहासात आहे.

आपले शिलकी धान्य परदेशांस देण्याचा कायदा अमेरिकेने १९५४ साली केला. त्यास पी. एल. ४८० म्हणतात. १९५६ साली आपल्या सरकारने त्याखाली करार केला. किंमत रुपयांत द्यावयाची, त्यामुळे दिल्लीस ही मोठी सोय वाटली. बाहेरून गहू येतोच आहे, मग शेतकऱ्याच्या विहिरीची व बियाण्याची घाई कोणास? पुढे १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस फसला. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. त्याच वेळी अमेरिका व्हिएतनामवर बॉम्ब टाकीत होती व आपले सरकार तिला नावे ठेवीत होते. तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे थोडी थोडी, हात आखडून सोडण्यास सुरुवात केली. देणारा आपल्या तोंडाकडे पाहत माप घालू लागला! ६ जून १९६६ रोजी रुपयाची किंमत उतरविण्यात आली. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. त्यामागे अमेरिकेचा व जागतिक बँकेचा आग्रह होता, हे आता जगजाहीर आहे.

हा अपमान धुऊन निघाला तो भाषणांनी नव्हे. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या काळात, १९६६ साली, मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश येथील शेतकऱ्यांनी ते घाम गाळून पिकविले. १९६५-६६ साली देशात १ कोटी ४ लाख टन गहू झाला होता. १९७०-७१ साली तो २ कोटी ३८ लाख टन झाला. त्यानंतर दिल्लीचा आवाज कसा बदलला पाहा. ९ ऑगस्ट १९७१ रोजी आपण रशियाशी मैत्रीचा करार केला. डिसेंबरात अमेरिकेने एंटरप्राइज ही युद्धनौका बंगालच्या उपसागरात धाडली, तरी सरकार हलले नाही. १६ डिसेंबरला ढाका मुक्त झाले. कणगी भरली एवढेच याचे कारण नव्हते. निर्वासितांचे लोंढे येत होते. अमेरिका पाकिस्तानच्या मार्फत चीनशी गुप्त बोलणी करीत होती. पण भरल्या कणगीवाचून ही हिंमत झाली नसती, असे आमचे मत आहे.

केवळ दुबळेच मत बदलतात असेही नाही. ज्या कम्युनिस्ट चीनला अमेरिकेने वीस वर्षांवर सरकार म्हणून मानले नाही, त्याच चीनच्या माओचा हात अध्यक्ष निक्सन यांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये हाती घेतला. चीन व रशिया यांचे बिनसले होते आणि व्हिएतनाममधून अमेरिकेस पाय काढावयाचा होता. आधी गरज बदलते, मग मित्र बदलतो. तत्त्व शोधून मागाहून सांगितले जाते.

आता प्रश्न असा, की देशाची गरज म्हणजे कोणाची गरज? युक्रेनचे युद्ध २०२२ साली पेटल्यावर रशियाचे तेल स्वस्त झाले व आपण ते पुष्कळ घेऊ लागलो. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात बसविली. त्यातील निम्मी या तेलाच्या नावाने. कापड गिरण्यांवर संकट आले. सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के जकात प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत व मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केली. म्हणजे विदर्भ-खानदेशचा नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन हंगामात परक्या कापसास दार उघडे! त्याच ऑगस्टात पंतप्रधानांनी शेतकऱ्याच्या हिताशी तडजोड करणार नाही असे जाहीर सांगितले होते. विणकर बंधूंस सूत स्वस्त हवे, हे आम्ही जाणतो, आणि कापूसवाल्याने विणकराशी भांडावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तेल स्वस्त मिळाले त्याचा नफा ज्यांनी घेतला त्यांनी गिरणीचा तोटा सोसावयास हवा होता. तो पऱ्हाटीवाल्याच्या माथी का?

धोरण बदलू नये असे आम्ही म्हणत नाही. वारा फिरला की शीड फिरविलेच पाहिजे. पण शीड फिरविताना कोणाचा माल समुद्रात टाकावयाचा, हे ठरविणाऱ्यांत शेतकरी व कारागीर असले पाहिजेत. म्हणून आमचे सांगणे एवढेच: मत मागावयास येणाऱ्यास जातगोत व नातेगोते विचारू नका. परदेशाशी करार होत होता तेव्हा तुम्ही आमच्या कापसाबद्दल व आमच्या सुताबद्दल सभागृहात काय बोललात, हे विचारा. आणि उत्तर मिळाल्याखेरीज त्यास ओसरीवरून उठू देऊ नका.