खांदेमळणीचे फोटो

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, जू टेकतं त्या जागी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. ही खांदेमळणी. झूल-बाशिंगांची मिरवणूक सगळेच टिपतात. या अंकासाठी आम्हाला घट्टे पडलेल्या खांद्यावरचा तो हात हवा होता. पण बैल ठेवणं आता अवघड झालंय: ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, बारमाही वैरण परवडत नाही. मग पूजेला मातीची बैलजोडी उरते. त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावायचा आमचा इरादा नाही (शहरात बसून हळहळायला काय जातं?). पण जनावराचं दुखणं नुसत्या स्पर्शाने ओळखणारी माणसं आता कुठे आहेत, हे आमच्या छायाचित्रकारांनी विदर्भ-मराठवाड्यातल्या गोठ्यांत शोधलं आहे. रिकाम्या दावणीही आहेत. तुमच्या घरच्या अल्बममध्ये असा फोटो असेल तर गाव, साल लिहून जरूर पाठवा. बैलांची नावं आठवत असतील तर तीही.