घरपट्टीचा कागद आणि घरची भाषा

शेतकरी बंधूंनो, रापणकार बंधूंनो आणि घरचा सारा कारभार हाकणाऱ्या भगिनींनो,

भाषेचा प्रश्न निघाला की तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते, हा मास्तर-वकिलांचा विषय. आम्हांला आमचा नांगर आणि आमचे जाळे पुरे. हा समज किती खोटा आहे हे पाहायचे असेल तर वेल्सकडे पाहा. इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला हा डोंगराळ मुलुख. मेंढरे, कोळशाच्या खाणी आणि लांबलचक समुद्रकिनारा ही त्याची ओळख. इंग्रजांनी जगभर राज्य पसरले, पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी शेजारचा हा मुलुख गिळला होता. तिथल्या लोकांची भाषा वेल्श. इंग्रजी त्या बेटावर येण्याच्या आधीपासून ही भाषा तिथे नांदत होती.

१५३६ साली कायदा झाला आणि वेल्समधल्या न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला अधिकाराची जागा नाही, असेही त्या कायद्याने सांगितले. वेल्श शेतकरी स्वतःच्या जमिनीच्या दाव्यात मुका झाला. त्याच्या तोंडून दुभाषा बोलणार आणि निकाल लागल्यावर त्याला कळणार! १८४७ साली सरकारने वेल्समधल्या शाळांची पाहणी केली. पाहणीला आलेल्या तिन्ही साहेबांना वेल्श येत नव्हते; तरी ही भाषाच लोकांच्या प्रगतीच्या आड येते, असा निवाडा त्यांनी बेलाशक दिला. त्या काळी कित्येक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. दुसरा कुणी वेल्श बोलताना सापडला की तो तुकडा त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला शिक्षा होई. पोरांना एकमेकांवर पाळत ठेवायला लावून त्यांची भाषा मारण्याचा हा उद्योग!

तरीही ती भाषा मेली नाही. कुणी जगवली? बायबलचे वेल्श भाषांतर १५८८ साली छापून झाले होते, पण गरीब कुळाला ते वाचता कुठे येत होते? ग्रिफिथ जोन्स नावाच्या एका धर्मोपदेशकाने १७३१ च्या सुमारास फिरत्या शाळा काढल्या. एका गावी तीन महिने शाळा चालायची, मग मास्तर पुढच्या गावी. आणि शाळा भरायची ती बहुतेक हिवाळ्यात, शेतीची कामे उरकल्यावर. दिवसा पोरे शिकत, रात्री मोठी माणसे. १७६१ साली जोन्स वारले तोवर अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरल्या होत्या आणि त्यांत दीड लाखाहून अधिक नावे नोंदली गेली होती. शेतकऱ्याचे वेळापत्रक पाहून शाळा भरवली, म्हणून शेतकरी साक्षर झाला आणि तो आपल्या भाषेत साक्षर झाला.

पुढे खाणी आणि कारखाने आले, बाहेरची माणसे आली, नोकरीची भाषा इंग्रजी झाली. १९०१ च्या शिरगणतीत वेल्समधल्या निम्म्या लोकांना वेल्श येत होते; १९६१ साली हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले. आईबापच म्हणू लागले, पोराला इंग्रजी शिकवा, वेल्शने पोट भरत नाही.

अशा वेळी एका खाणकामगाराच्या घरी काय घडले ते ऐका. लानगेनेक हे गाव. ट्रेवर बीझली आणि त्याची बायको आयलीन यांना १९५२ साली घरपट्टीचा कागद आला. त्या भागातले बहुतेक लोक वेल्श बोलणारे, कौन्सिलचे सभासदही वेल्श बोलणारे. कागद मात्र निव्वळ इंग्रजी. बीझली दांपत्याने कळवले, वेल्शमध्ये कागद पाठवा, पट्टी भरतो. कौन्सिलने ऐकले नाही. त्यांना पुन्हा पुन्हा कोर्टात खेचले, जप्ती आली, घरातले सामान उचलून नेले, पियानोसुद्धा गेला. घरात लहान पोरे होती. तरी ती दोघे हटली नाहीत. आठ वर्षांनी, १९६० साली, वेल्शमध्ये लिहिलेला कागद त्यांच्या दारी आला. पट्टी बुडवण्यासाठी हा हट्ट नव्हता. ज्याच्याकडून पैसे घेता त्याच्याशी त्याच्या भाषेत बोला, एवढेच त्यांचे मागणे होते.

१९६२ साली सॉन्डर्स लुईस या नाटककाराने रेडिओवरून भाषण केले. चालले आहे तसे चालू दिले तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस ही भाषा संपेल, असा इशारा देऊन त्याने याच जोडप्याचा कित्ता लोकांपुढे ठेवला. त्याच साली वेल्श भाषेसाठी तरुणांची संघटना उभी राहिली. रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्यांना रंग फासला गेला, कित्येकांनी तुरुंग पाहिला.

याच काळात दुसरा घाव बसला. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते म्हणून त्रिवेरिन खोऱ्यातले कापेल केलिन हे गाव धरणाखाली घालायचे ठरले. बारा घरे नि शेतवाड्या, शाळा, टपालघर, प्रार्थनामंदिर, सारे वेल्श बोलणारे गाव. १९५७ साली पार्लमेंटने कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी कायदा झाला! १९६५ साली गाव पाण्याखाली गेले. लिव्हरपूलने माफी मागितली ती २००५ साली. बुडालेल्या गावाला तिचा काय उपयोग? पण त्या पाण्याने साऱ्या वेल्सचे डोळे उघडले. भाषा माणसांच्या वस्तीत राहते, वस्ती उठवली की भाषाही उठते, हे लोकांना कळले.

१९६६ साली ग्विनवोर एव्हन्स हा वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा पहिला खासदार निवडून आला. धंद्याने तो टोमॅटो पिकवणारा बागायतदार! वेल्श दूरदर्शन वाहिनी देण्याचे वचन सरकारने मोडले, तेव्हा १९८० साली त्याने आमरण उपोषण जाहीर केले. उपोषणाची तारीख उजाडण्यापूर्वीच मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने माघार घेतली आणि १९८२ साली वाहिनी सुरू झाली. १९९३ च्या कायद्याने सरकारी कामात वेल्शला इंग्रजीच्या बरोबरीचे स्थान मिळाले, २०११ साली ती अधिकृत भाषा झाली. अबेरिस्टविथ गावी १९३९ साली सात मुलांवर पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली होती; आज अशा शाळा देशभर आहेत. २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषक करू, असे तिथले सरकार म्हणते.

मग लढा जिंकला का? २०२१ च्या शिरगणतीत वेल्श येणारे भरले ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के, २०११ साली ते १९ टक्के होते. कायदा आहे, शाळा आहे, वाहिनी आहे, आणि तरी आकडा घटतो!

याचे एक कारण तुमच्या ओळखीचे आहे. २०११ साली वेल्समध्ये शेती, वने आणि मासेमारी या धंद्यांतल्या सुमारे ४३ टक्के लोकांना वेल्श येत होते. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात हे प्रमाण एवढे नव्हते. भाषेची खरी कोठारे ही. आणि नेमक्या याच गावांतून तरुण पोरे कामासाठी शहरात जातात, मागे राहिलेली घरे बाहेरचे पैसेवाले सुट्टी घालवायला विकत घेतात. किमती अशा चढतात की गावच्या पोराला गावात घर परवडत नाही. अबेरसोख हे एकेकाळी मच्छिमारांचे गाव. तिथे उन्हाळ्यात पाऊल ठेवायला जागा नसते आणि थंडीत घरांना कुलुपे. २०२१ च्या डिसेंबरात तिथली शाळा बंद झाली, कारण पोरे फारच थोडी उरली होती. ग्विनेद परगण्याने अशा दुसऱ्या घरांवर २०२३ पासून दीडशे टक्के जादा पट्टी बसवली आहे. औषध उशिरा आले, पण आले.

तेव्हा वाचकहो, भाषा पंडितांच्या हवाली करून निर्धास्त झोपू नका. पंडित कोश करतील, वकील कायदा लिहितील. पण ती बोलली जाते बांधावर, होडीत, बाजारात आणि चुलीपाशी. ही सारी ठिकाणे तुमच्या हाती आहेत. कचेरीतून आलेला कागद तुम्हांला वाचता येत नसेल तर अंगठा उठवण्याआधी, हा आमच्या भाषेत द्या, असे विचारा. पोराशी घरी आपल्या भाषेत बोला. दुसरी भाषा तो शाळेत शिकेलच. आणि वाडवडिलांचे घर विकायला निघाल तेव्हा त्याबरोबर आणखी काय विकले जाते, याचा हिशेब कागदावर सही करण्यापूर्वी करा. बीझली नवराबायकोपाशी पैसा नव्हता, पद नव्हते. नकार देण्याची हिंमत मात्र होती, आणि आठ वर्षे ती टिकली.