आळस की आजार?

वाचकहो, आजच्या लेखाचा आरंभ आम्ही एका कबुलीने करीत आहोत. काही वर्षांपूर्वी उपवासकाळात एका खेड्यातील घरी आमचे जाणे झाले. घरची वडील बाई सुनेविषयी गाऱ्हाणे सांगू लागली. बाळंतपणाला वर्ष लोटले, तरी हिला पहाटे उठवत नाही. दोन घागरी पाणी आणले की ही भिंतीला टेकते. खाते चार घास, पण अंग मात्र सुटत चालले आहे. कालची गोष्ट आज विसरते. सून दाराआड उभी राहून सारे ऐकत होती. आम्ही तिला पुढे बोलावले, आळसाच्या दुर्गुणाविषयी चार शब्द सांगितले, प्रार्थनेची आठवण दिली आणि आपले कर्तव्य झाले असे मानून परतलो. पुढे माहेरच्या माणसांनी तिला शहरातील डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, तेव्हा उलगडा झाला. ती आळशी नव्हती. तिच्या गळ्यातील एक लहानशी ग्रंथी काम करीनाशी झाली होती. आमचा उपदेश म्हणजे जखमेवर चोळलेले मीठ ठरले.

अशा सुना, असे मुलगे, अशा वयस्क मावश्या गावोगावी असतील. म्हणून या ग्रंथीची ओळख प्रत्येक कुटुंबाला असावी, असे आम्हांस वाटते.

आपल्या शरीरात दोन प्रकारच्या ग्रंथी आहेत. लाळेच्या किंवा घामाच्या ग्रंथी आपला रस नळीवाटे बाहेर सोडतात. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नळी नसते. त्या आपला रस थेट रक्तात मिसळतात आणि रक्त तो शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविते. यांस अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात व त्यांच्या रसांस संप्रेरके अथवा हॉर्मोन. १९०२ साली लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आतड्याच्या एका भागाचे सारे मज्जातंतू तोडले, तरी त्या आतड्यात आम्ल जाताच स्वादुपिंडाला निरोप पोहोचतो आणि ते पाचकरस सोडू लागते. निरोप नेणारे मज्जातंतू नव्हते, ते रक्त होते. १९०५ साली स्टार्लिंगने अशा निरोप्यांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरला. चेतविणे या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो आला आहे.

वाटेत साप दिसताच छाती धडधडते, ते मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे काम. रक्तातील साखर आवरते, ते स्वादुपिंडातील इन्सुलिनचे. या सर्वांविषयी लिहू म्हटले तर अंक पुरणार नाही. आज आपण गळ्यातील ग्रंथीपाशीच थांबू.

डॉक्टर तिला थायरॉईड म्हणतात, मराठी ग्रंथकार अवटु ग्रंथी. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ती असते. ती जे थायरॉक्सिन बनविते, त्याचे प्रमाण दिवसाला सुमारे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग! सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला, तरी तो चहाचा एक चमचा भरणार नाही. तथापि शरीराची ऊब, हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, मुलांची वाढ आणि मेंदूची जडणघडण या एवढ्याशा रसावर अवलंबून आहे.

त्याचे प्रमाण सांभाळते कोण? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. चुलीवर दूध ठेवलेली गृहिणी काय करते? जाळ मंदावला की लाकूड पुढे सारते. दूध वर येऊ लागले की लाकूड मागे ओढते. पीयूषिका तेच करते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की ती टीएसएच नावाचे संप्रेरक अधिक सोडून थायरॉईडला हाकारते. पुरेसे झाले की हात आखडता घेते. म्हणून तपासणीच्या कागदावर टीएसएच वाढलेले दिसले, तर थायरॉईड जास्त झाले असा समज करून घेऊ नये. बहुधा अर्थ उलटा असतो: जाळ मंद आहे, म्हणून लाकूड जास्त सारले जात आहे.

जाळ मंदावला की माणूस थकतो. थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, आवाज जड होतो, बद्धकोष्ठ होते, स्त्रियांची पाळी बिघडते, मन उदास होते. जाळ भडकला तर याच्या उलट: भूक असूनही वजन घटते, हात कापतात, छाती धडधडते, झोप उडते, उकाडा सोसवत नाही आणि माणूस क्षणात संतापतो. एकाला आपण आळशी म्हणतो, दुसऱ्याला तापट. ही लक्षणे इतर आजारांतही आढळतात, म्हणून निदान शेजारणीने करावयाचे नसून रक्ताच्या तपासणीने करावयाचे आहे.

यावर उपाय सापडला तो १८९१ साली. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून दिला. सुजलेली, सुस्तावलेली ती स्त्री काही महिन्यांत हिंडूफिरू लागली आणि पुढे २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८०० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले. तो दिवस होता २५ डिसेंबर १९१४, म्हणजे नाताळचा. आज तेच द्रव्य कारखान्यात तयार होऊन लहानशा गोळीच्या रूपाने मिळते.

या ग्रंथीचा कच्चा माल म्हणजे आयोडीन. प्रौढ माणसाला दिवसाकाठी १५० मायक्रोग्रॅम पुरते, गर्भवतीला २५०. ते मिळाले नाही, तर टीएसएचच्या हाकाऱ्याने ग्रंथी फुगत जाते आणि गळ्यावर गलगंड दिसू लागतो. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विभाग पाडून दोहोंत आयोडीनयुक्त मीठ पुरविले, तिसऱ्यात साधे. काही वर्षांतच त्या दोन विभागांतील गलगंडाचे प्रमाण झपाट्याने उतरले, आणि १९६२ साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. मिठागरावरचे खडे मीठ समुद्रातून आलेले, तेव्हा त्यात आयोडीन असणारच, असे आपले किनाऱ्याकडील लोक मानतात. तो भ्रम आहे. मीठ वाळताना त्यात आयोडीन फारसे उरत नाही. आयोडीनयुक्त मीठच घ्यावे आणि ते झाकणाच्या बरणीत, चुलीच्या आचेपासून व ओलाव्यापासून दूर ठेवावे. मात्र आज पुष्कळांना होणारा थायरॉईडचा विकार आयोडीनच्या अभावाचा नसतो. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून या ग्रंथीवर उलटलेली असते. तेथे जास्त मीठ खाऊन लाभ नाही. गोळीच घ्यावी लागते.

आता आईबापांसाठी विशेष सूचना. काही बालके जन्मतःच या रसाला पारखी असतात. दिसायला ती गुटगुटीत, शांत. फारशी रडत नाहीत, म्हणून घरचे लोक कौतुक करतात. परंतु उपचाराविना महिने गेले, तर बुद्धीची जी हानी होते ती पुढे भरून येत नाही. जन्मानंतर काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन हा दोष ओळखता येतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर बहुतेक मुले इतर मुलांसारखीच वाढतात. बाळंतपण जेथे होईल तेथे या तपासणीविषयी अवश्य विचारावे.

गोळी सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा-न्याहारी अर्ध्या ते एका तासाने. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने थांबवू नये. गरोदरपणात तर मुळीच नाही. तेव्हा बहुधा मात्रा वाढवावी लागते. रविवारी कम्युनियन घ्यावयाचे म्हणून काहीजण सकाळची गोळी टाळतात, असे आमच्या कानी आले आहे. पाणी आणि औषध यांनी कम्युनियनपूर्वीचा उपवास मोडत नाही, हा ख्रिस्तसभेचाच नियम आहे. नोव्हेना करावी, जपमाळ म्हणावी, आणि गोळीही घ्यावी. एकासाठी दुसरे सोडावे, असे परमेश्वराने कोठेही मागितलेले नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची कथा आहे. त्याला पाहून शिष्यांच्या मनात पहिला प्रश्न आला तो पाप कोणाचे, हा. प्रभूने दोष ना त्याच्यावर ठेवला, ना त्याच्या आईबापांवर; त्याने त्या माणसाला दृष्टी दिली. त्या दिवशी त्या घरात आम्हीही शिष्यांचाच प्रश्न विचारीत बसलो होतो.

पुढच्या नाताळात ती सून आम्हांस चर्चच्या अंगणात भेटली. चेहऱ्यावरची सूज उतरली होती, कडेवर मूल होते, आणि शेजारी सासूबाई उभ्या होत्या. आम्ही तिची क्षमा मागितली. ती केवळ हसली; सासूबाईंनीच उत्तर दिले, "फादर, आता सकाळची गोळी मीच हिला आठवणीने देते."