सही कोणाची?

परवा एका नातलगाच्या लग्नाला बडोद्याला जाऊन आलो. धामधुमीतून थोडा वेळ काढला आणि सूरसागर तलावाकडचे महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय बघून आलो. बायकांच्या हाताला हुन्नर मिळावा म्हणून १९१४ साली ते निघाले. ह्याच चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा. त्याआधी, १९०८ साली, सयाजीरावांनी ह्याच शहरात बँक ऑफ बडोदा काढली. एकाच घरातून शहराला बँक मिळाली आणि बायकांना हुन्नरशाळाही. तरी ह्या दोहोंमधली वाट बाईला एवढी लांब का पडते?

किरण मजुमदार ऑस्ट्रेलियात बियर बनवण्याचे शास्त्र शिकून १९७५ साली परतल्या आणि काही काळ बडोद्याच्या एका माल्ट कंपनीत तांत्रिक व्यवस्थापक होत्या. (दारूबंदीच्या गुजरातेत! गोवेकराला हसू येणारच.) पण मुख्य ब्रूमास्टरची जागा त्यांना कोणी देईना, ते म्हणे पुरुषाचे काम. शेवटी १९७८ साली बंगळूरला भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, दहा हजार रुपयांवर, त्यांनी बायोकॉन सुरू केली. पपईच्या चिकातून आणि माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतून बियरधंद्याला लागणारे पदार्थ काढायचे, हा उद्योग. बँका कर्ज देईनात. वय पंचवीस, धंदा नवखा आणि त्यात बाई! वडिलांना जामीन आणा, असे सांगणारेही भेटले. २००४ साली कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिचे मोल एक अब्ज डॉलरच्या वर गेले.

ही जुनी गोष्ट झाली, असे म्हणाल. मग माझ्या घरची ऐका.

माझी धाकटी बहीण गेली सात वर्षे आमसुले, लोणची करून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकते. वाळवणीचे यंत्र घ्यायला तिने कर्ज मागितले. वही, हिशेब, सगळे चोख. साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही. "घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?" एवढेच विचारले. मग मी गेलो, पगाराचा दाखला दिला, सही केली. मला लोणच्यातले फक्त खायचे कळते. पण माझी सही चालली, आणि जिने धंदा उभा केला तिची एकटीची चालली नाही. आमच्या गोव्यात पोर्तुगीज कायद्याने लेकीला भावाएवढा वाटा कधीचा मिळाला. विश्वास मात्र वाट्यात येत नाही.

साहेबाला नावे ठेवणे सोपे आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की भांडवल देणारे पुरुषाला विचारतात, धंदा किती वाढेल. बाईला विचारतात, बुडण्यापासून कसा वाचवशील. ते वाचले आणि मला माझेच शब्द आठवले. पुतण्याने मोबाइलचे दुकान काढले तेव्हा मी म्हटले होते, "महिन्याला किती सुटतील रे?" आणि बहिणीला, सही करण्याआधी, "बुडाले तर गो?"

तिने उत्तर दिले नाही. बरणीचे झाकण लावत बसली.

पुढच्या वेळी मी तिला पहिला प्रश्न विचारणार आहे. तुमच्या घरातही कोणी तरी विचारून बघा.