पापकबुली फक्त कॅथलिकांची?


‘फादरपुढे पापकबुली म्हणजे देवाच्या दारातली दलाली’ हे पत्र वाचले. लेखक प्रोटेस्टंट असावेत. मग १५३० चे ऑग्सबर्ग मतपत्र त्यांनी उघडलेले दिसत नाही. त्याच्या ११ व्या कलमात प्रोटेस्टंटांतल्याच लूथरपंथीयांनी खासगी पापकबुली कायम ठेवली. एकूण एक पाप मोजून सांगायची सक्ती तेवढी काढली.

‘कॅथलिक सत्कर्मांनी तारण विकत घेतात’ हा आरोपही शिळा. माणूस नीतिमान ठरतो तो कृपेने, या संयुक्त जाहीरनाम्यावर ऑग्सबर्गलाच ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅथलिक व लूथरन प्रतिनिधींच्या सह्या झाल्या.

मरियेची विनवणी, मूर्ती, पोप यांवरून मतभेद आहेतच. त्यांवर खुशाल भांडा, पण समोरच्याचे म्हणणे आधी त्याच्याच पुस्तकात वाचा.

– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)